लाल खुणेचं खोकं

सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मावशीने कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून लाल खुणेचं खोकं काढलं आणि उघडलं. आत पन्नास काडतुसं होती. असायला हवी होती एकोणचाळीस.

तिने पुन्हा मोजली. ट्रेमध्ये दहा-दहाच्या पाच ओळी असतात, त्यामुळे मोजायला वेळ लागत नाही. एक भोक जरी रिकामं असलं तरी ते डोळ्यांत भरतं. इथे एकही रिकामं नव्हतं. तिने खोक्याचं झाकण उलटं करून आत छापलेला लॉटचा आकडा पाहिला. आकडा बरोबर होता. वर तिच्याच हाताने लाल पेन्सिलीने काढलेली फुली होती. म्हणजे खोकं तेच होतं, आतला ट्रे तो नव्हता.

तिने खोकं टेबलावर ठेवलं.

खाली पन्नास मीटरच्या रेंजवर निवडीची स्पर्धा सुरू होऊन सात मिनिटं झाली होती. बारा नंबरच्या जागेवर तिची भाची झोपून नेम धरत होती.

मावशी या नेमबाजी क्लबच्या आर्मरीत एकोणीस वर्षं होती. रायफली ठेवणं, साफ करणं, काडतुसांचे लॉट, म्हणजे एकेका खेपेचा माल, तपासणं हे तिचं काम. भाची बारा वर्षांची असताना पहिल्यांदा रेंजवर आली आणि सगळ्यांसमोर तिला मावशी म्हणाली, तेव्हापासून ती सगळ्यांचीच मावशी झाली. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले कोचसुद्धा तिला मावशी म्हणत. भाचीला सगळे चिमणी म्हणत. ती आता एकोणीसची होती आणि तिच्यात चिमणीसारखं काही उरलं नव्हतं, पण नाव सुटलं नव्हतं. भाची खेळत असल्यामुळे आज मावशीला रेंजवर काम नव्हतं. वरच्या मजल्यावर बसून तिने सदोष माल कंपनीला परत पाठवायचं पार्सल बांधायला घेतलं होतं.

तो माल सदोष कसा निघाला, ते बारा दिवसांपूर्वीचं.

या छोट्या काडतुसांत पेटवणारा मसाला मागच्या कडेत भरलेला असतो, मध्यभागी नाही. कड सगळीकडून सारखी भरली तर पिन कुठेही आपटो, काडतूस पेटतं. कुठे जागा रिकामी राहिली तर पेटत नाही. क्लबमध्ये मुख्यतः दोन कंपन्यांची काडतुसं यायची. पिवळ्या खोक्यातली सरावासाठी. त्यांतलं शेकड्याला एखादं पेटायचंच नाही, वेगही कमीजास्त. पण पिवळी कशी वागते ते सगळ्यांना माहीत होतं आणि तिच्याशी सगळे सावधपणे वागत. हिरव्या खोक्यातली स्पर्धेसाठी. हिरवी हजारात एकदाही चुकत नसे. तरीही प्रत्येक रायफलीला हिरवीतला एखादाच लॉट मानवतो, म्हणून मावशी रायफल शिकंज्यात आवळून प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या झाडायची आणि कागदावर किती लहान गट पडतो ते मोजायची.

"आई भाजीसुद्धा एवढी निवडून घेत नाही," चिमणी तेव्हा शेजारी बसून म्हणाली होती.

"म्हणूनच तुमच्या घरी वांगी किडकी निघतात. यंत्रावरचा वेग वाच."

पहिल्या लॉटचा गट उत्तम पडला. तो चिमणीसाठी ठरला. चिमणी क्लासला निघून गेल्यावर मावशीने दुसरा लॉट घेतला. दहा गोळ्या ठीक गेल्या. वेगाची खात्री करायला तिने अकरावी झाडली, आणि नेहमीच्या आवाजाऐवजी नुसतं टक् झालं. कागदावर छिद्र नाही. तिने नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट उघडला, नळीत मागून गज घातला. गज वीतभर जाऊन अडला. काडतुसात गोळी ढकलणारी दारूच नव्हती. नुसत्या मसाल्याच्या धक्क्याने गोळी नळीत शिरली होती आणि तिथेच रुतून बसली होती.

रुतलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर काय होतं, ते मावशी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी दाखवायची. तिच्या टेबलाच्या खणात एक जुनी नळी होती, मध्येच फुगलेली, उंदीर गिळलेल्या सापासारखी. त्या दिवशी काडतुसाची कड फाटून जळता वायू आणि पितळेचे कण मागे आले होते. ती रायफल कोचांच्या हातात होती. त्यांच्या उजव्या गालावर, डोळ्याखाली, तीन काळे ठिपके अजून आहेत. "बोटभर वर लागले असते तर आज तुम्हाला दुसरं कुणीतरी शिकवत असतं," असं ते मुलांना सांगत. मुलं हसत. मावशी तेव्हा शेजारच्या जागेवर होती. ती कधी हसली नाही.

म्हणून तिने तेव्हाच खोक्यावर लाल फुली काढली. उरलेली एकोणचाळीस एकेक करून काट्यावर तोलली. तुलनेसाठी शेजारी चिमणीसाठी ठरलेल्या लॉटचं एक भरलेलं खोकं उघडलं होतं, तेही हिरवंच. एकोणचाळिसांतली तीन काडतुसं बरोबर दारूच्या वजनाइतकी हलकी निघाली. बाकीच्यांबद्दल खात्री नव्हती, कारण शिसं आणि पितळच थोडं इकडेतिकडे असतं. हलकं निघालं ते रिकामं. पण हलकं निघालं नाही म्हणून ते भरलेलंच आहे, असं म्हणता येत नाही. तिने सगळी वजनाच्या क्रमाने ट्रेमध्ये लावली. जड पुढे, हलकी शेवटी. ती तीन चौथ्या ओळीत सातव्या, आठव्या आणि नवव्या भोकात बसली. त्यापुढची अकरा भोकं रिकामी.

तेवढ्यात ताईचा, म्हणजे चिमणीच्या आईचा, फोन आला. चिमणी हल्ली जेवत नाही, तू तरी सांग. मावशीने फोन खांद्याने कानाशी धरला आणि बोलता बोलता एका हाताने दोन्ही ट्रे दोन्ही खोक्यांत सरकवले. ट्रे सारखे, खोकी सारखी. लॉटचा आकडा खोक्यावर असतो. ट्रेवर नसतो. काडतुसावर तर नसतोच.

एकदा खोक्याबाहेर निघालेल्या काडतुसाला कुणीच ओळखू शकत नाही, हे एकोणीस वर्षं दुसऱ्यांना सांगणारी ती स्वतःच होती.

आता तिला कालची संध्याकाळ आठवली. जिन्यात चिमणी म्हणाली होती, "मावशी, माझ्या एका ट्रेत अकरा भोकं रिकामी होती. पिशवीतल्या उरलेल्यांनी भरून टाकली." चिमणीला रिकामं भोक बघवत नसे. ट्रे भरलेला असला की तिला शांत वाटे. आणि मावशी, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, नुसती "बरं" म्हणाली होती. अकरा कशी, हे तिने विचारलं नव्हतं. चिमणीनेही विचारलं नव्हतं. मावशीने दिलेलं खोकं तपासायचं असतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दहा वाजून नऊ मिनिटं.

मावशीने हिशेब मांडला. चिमणीकडे दोन खोकी. सरावाच्या बारा गोळ्या दहाच्या आधीच झाडून झालेल्या, आता स्पर्धेच्या साठ. साधारण पन्नास सेकंदाला एक. तो ट्रे दुसरा असेल तर ती तीन काडतुसं तिच्या हातात आलीच तर अगदी शेवटी येतील. तो पहिला असेल तर सदतिसावं काडतूस साधारण दहा एकवीसला नळीत जाईल. आणि ट्रे उलटा ठेवला असेल तर ते बारावं, तेरावं, चौदावं. म्हणजे वेळ होऊन गेली. पण काही झालं असतं तर खालून आवाज आला असता, लोक धावले असते. ती कान देऊन ऐकत राहिली. खालून रायफलींची टकटक चालू होती, कुठेही खंड नाही.

रेंजवर फोन बंद असतात. तिने आर्मरीचं दार ओढलं. उघडी आर्मरी सोडून जाणं हा गुन्हा होता. वरचं कुलूप लागलं. खालच्या कुलपात किल्ली जाईना. ती चुकीची किल्ली आहे हे समजायला तिला तीन प्रयत्न लागले.

जिन्याच्या तळाशी कोच चहाचा कप घेऊन उभे होते. आपल्या मुलांची स्पर्धा त्यांना बघवत नसे.

"काय मावशी, भूत बघितलंस काय?"

तिने चार वाक्यांत सांगितलं. कोचांनी कप खिडकीत ठेवला. त्यांचा हात आपसूक गालाकडे गेला.

"नक्की?"

"मोजलंय मी."

"तू मोजलंयस म्हणजे नक्कीच." ते चालायला लागले. "ओरडून थांबवायचं?"

प्रत्येक रेंजवर एक नियम असतो. धोका दिसला तर कुणीही, अगदी झाडूवालासुद्धा, 'थांबा' म्हणून ओरडू शकतो. तो शब्द ऐकला की सगळ्यांनी ट्रिगरवरचं बोट काढायचं, बोल्ट उघडायचा आणि रायफल खाली ठेवायची. कोण ओरडलं, का ओरडलं, ते नंतर. मावशी हा नियम मुलांकडून तीनतीनदा वदवून घ्यायची. पण निवडीच्या स्पर्धेत, चाळीस जणांच्या मध्ये, तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. ओरडल्यावर चाळीस जणांचा नेम मोडणार होता. त्यात चिमणीचाही. आणि मग सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं की ट्रे कुणी बदलला.

"मॅडमना सांगू," ती म्हणाली. "हळूच. त्या तिला उठवतील, खोकं बदलून देतील. बाकी कुणाला कळायचं कारण नाही."

"तेही बरोबर आहे," कोच म्हणाले, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं.

दहा पंधरा. काचेच्या दारामागे रेंज अधिकारी मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मावशीने खूण केली. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. नातेवाइकांनी आत यायचं नव्हतं. मावशीने दार ढकललं. गोळ्यांचा आवाज एकदम अंगावर आला.

"बारा नंबरच्या खोक्यात माझ्या तपासणीचा नमुना गेलाय," ती मॅडमच्या कानाशी म्हणाली. "सदोष आहे. बदलून द्यायचंय."

"सदोष म्हणजे?"

"दारू नाही. दोन-तीन काडतुसांत."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "आणि हे तू मला कानात सांगतेस?"

"मॅडम, एकाच जागेचा प्रश्न आहे."

मॅडम उठल्या. बारा नंबरच्या मागे जाऊन त्यांनी चिमणीच्या बुटाला हात लावला. चिमणीने बोट काढलं, बोल्ट उघडला, काडतूस बाहेर घेतलं, रायफल ठेवली. सगळं शिकवल्याप्रमाणे, सावकाश. मावशीला तिचा तो सावकाशपणा असह्य झाला. मग चिमणी ट्रे हातात घेऊन मागच्या रेषेपर्यंत आली. कानातलं बूच काढताना तिच्या कपाळावर आठी होती.

"मावशी? काय झालं? माझं एवढं छान चाललंय."

मावशी ट्रे बघत होती. पहिल्या दोन ओळी संपलेल्या. तिसरीतली आठ गेलेली, दोन शिल्लक. पाचवी ओळ भरलेली, ती पिशवीतून भरलेली चांगली काडतुसं. ट्रे सुलटाच होता. पहिलाच होता. मावशीचा हिशेब कुठेही चुकला नव्हता.

फक्त चौथी ओळ पूर्ण रिकामी होती.

"ही दहा कुठे गेली?"

"अकरा नंबरला दिली. सरावाच्या वेळी तिचा एक ट्रे उलटला ना, सगळी जमिनीवर सांडली. कडेला मार बसला असेल म्हणून ती रडकुंडीला आली होती. म्हटलं, घे माझी, तीच हिरवी आहेत." चिमणीने मावशीचा चेहरा पाहिला. "का? चालत नाही का देऊन? मॅडमना विचारलं होतं मी."

अकरा नंबरची मुलगी डावखुरी होती. झोपून नेम धरताना तिचं आणि चिमणीचं तोंड एकमेकींसमोर यायचं, त्यातून दोघींची मैत्री झालेली. तिने उसनी दहा काडतुसं ट्रेमध्ये न लावता खोक्याच्या झाकणावर एका रांगेत उभी करून ठेवली होती. मावशी जिथे उभी होती तिथून ती रांग स्पष्ट दिसत होती. उरली होती चार. त्यातल्या एकावर मुलीचा हात गेला. तिने ते नळीत सरकवलं, बोल्ट बंद केला, गाल लाकडावर टेकला.

सहा नीट गेली होती, म्हणजे या चारांपैकी तीन. मॅडम दोन पावलांवर होत्या. मॅडमना सांगावं, त्या जातील, बुटाला हात लावतील, असं तिच्या डोक्यात अजूनही चाललं होतं. तेवढ्यात मुलीचं बोट हललं.

चहूबाजूंनी रायफली वाजत होत्या. त्या आवाजात मावशीला वेगळं काही ऐकू आलं नाही. तिने मुलीच्या शेजारचा, गोळी कुठे लागली ते दाखवणारा छोटा पडदा पाहिला. त्यावर स्पर्धेची अठरावी गोळी दिसत होती. एकोणीस उमटायला हवे होते. पडदा अठरावरच होता.

मुलीने मान उचलली. पडद्याकडे पाहिलं. बोटाने पडद्यावर एकदा टिचकी मारली, कधीकधी पडदा अडकतो म्हणून. कानात बुचं, वर कानपट्ट्या. तिलाही काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. तिने बोल्ट मागे ओढला. पितळी नळकांडं नेहमीसारखं उडून बाहेर पडलं, कडेवर पिनेची खूण नेहमीसारखी. तिने झाकणावरचं पुढचं काडतूस उचललं आणि नळीत घातलं.

"थांबा," मावशी ओरडली.

आवाज सगळ्या रेंजभर गेला. "थांबा. सगळे थांबा."

टकटक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला विझत गेली. चाळीस बोल्ट उघडले. अकरा नंबरचा बोल्टही. ती मुलगी वळून बघत होती, तोंड अर्धवट उघडं, डावा डोळा नेम धरून धरून ओलसर झालेला. डोळा जागेवर होता.

मावशी तिच्यापर्यंत गेली. तिने नळीतलं काडतूस काढून घेतलं. कोच गज घेऊन आले. त्यांनी तो मागून नळीत घातला. वीतभर गेला आणि अडला. कोचांनी गज तिथेच सोडला आणि ते जमिनीवर बसले.

"अडकलीय का?" मुलीने विचारलं. "पण मी तर... मावशी, मी पुढचं घातलं होतं."

"हो."

"म्हणजे मी ते झाडलं असतं."

मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडम उभ्या होत्या. चाळीस जण मागच्या रेषेशी जमले होते. चिमणी ट्रे छातीशी धरून एका बाजूला उभी होती, एकदा मैत्रिणीकडे आणि एकदा मावशीकडे बघत.

"कानात सांगण्यात दोन मिनिटं गेली," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सांग आता सगळ्यांना."

मावशीने सांगितलं. लॉट, फुली, काटा, फोन, दोन ट्रे. कुठे काही लपवलं नाही आणि कुठे काही वाढवलंही नाही. स्पर्धा थांबवल्याचं मॅडमनी जाहीर केलं. सगळ्यांची काडतुसं पुन्हा तपासल्याशिवाय एकही गोळी सुटणार नव्हती.

एकेक जण आपलं खोकं घेऊन तिच्याकडेच यायला लागला. सवयीने. रांग लागली. पहिल्या मुलाने ट्रे पुढे केला.

"मावशी, माझी बघून दे ना. तू ठीक म्हणालीस की झालं."

त्याच्या मागे पिवळं खोकं घेतलेले एक काका होते. "माझं राहू दे," ते म्हणाले. "माझी दगा देतात हे मला पहिल्यापासून माहीत आहे." एकदोघे हसले, आणि लगेच गप्प झाले.

मावशीने पुढे आलेला ट्रे पाहिला. पन्नास काडतुसं, पन्नास पितळी कडा, सगळ्या सारख्या, सगळ्या चकचकीत. तिच्या मुठीत अकरा नंबरच्या नळीतून काढलेलं काडतूस अजून होतं. झाकणावर आणखी दोन उभी होती. त्या तिन्हींत दोन रिकामी होती आणि एक भरलेलं. कुठलं कुठलं, ते काट्याशिवाय तिलाही सांगता आलं नसतं.

"ठेव ते टेबलावर," ती मुलाला म्हणाली. "सर, वरून काटा आणा. मॅडम, तुम्ही वही घेऊन बसा."

"आणि तू?"

"मी तोलते. पण प्रत्येक आकडा चिमणी वाचेल." तिने मूठ उघडून ते काडतूस टेबलावर ठेवलं, बाकीच्यांपासून दूर. "मी वाचलेलं धरू नका."

चिमणी पुढे आली. तिने मावशीकडे पाहिलं नाही. आधी टेबलावरचा पहिला ट्रे ओढून घेतला आणि बोटाने एकेक भोक मोजायला सुरुवात केली.